तिसऱ्या वर्षात आपली मुलं कुठे हरवतात?

जून-जुलै आला की पिंपरी-चिंचवडच्या बौद्ध वस्त्यांमध्ये गुणगौरवाचे कार्यक्रम सुरू होतात. निगडीच्या ओटा स्कीमपासून पिंपरीच्या मिलिंदनगरपर्यंत आणि देहूरोडपासून चाकणपर्यंत विहारासमोर मंडप पडतो. दहावी-बारावीच्या मुलांना ट्रॉफी आणि बाबासाहेबांचं पुस्तक मिळतं, आईवडिलांना स्टेजवर बोलावलं जातं, फोटो होतात. अशाच एका कार्यक्रमात खुर्च्या लावणाऱ्या मुलाला आम्ही सहज विचारलं, तू काय करतोस? म्हणाला, "कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला आहे. तिसरं वर्ष झालं, पण दोन विषय राहिलेत." कोणते? "टीओसी आणि ओएस." तीन वर्षांपूर्वी याच मंडपात त्याचा सत्कार झाला होता. इंजिनिअरिंगला नंबर लागला म्हणून वस्तीत पेढे वाटले गेले होते. त्यानंतर त्याला अभ्यासाबद्दल विचारणारे आम्हीच पहिले निघालो, हे त्यानं हसत हसत सांगितलं. आम्हाला मात्र हसू आलं नाही.

त्यानंतरच्या काही महिन्यांत आम्ही या पट्ट्यातल्या तिसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या बऱ्याच मुलामुलींशी बोललो. कुणाचे वडील भोसरीत प्रेस चालवतात, कुणाचे चाकणला कंत्राटी कामगार आहेत, कुणाची आई सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाला जाते. प्रत्येकाची गोष्ट वेगळी आहे, पण घसरण्याची जागा जवळपास तीच आहे. प्रवेश होतो, पहिलं वर्ष धडपडत निघतं, दुसरं कसंबसं निघतं आणि तिसऱ्या वर्षात गाडी रुतते. आपल्या चळवळीनं प्रवेशाचा, फीचा आणि वसतिगृहाचा लढा दिला, तो आजही द्यावा लागतो. पण वर्गात गेल्यावर जे शिकवलं जातं, त्यातला सगळ्यात अवघड भाग आपल्या मुलाला समजतो की नाही, हा प्रश्न आपल्या कुठल्याच बैठकीच्या विषयपत्रिकेवर आम्ही पाहिलेला नाही.

बाबासाहेबांच्या विषयपत्रिकेवर तो होता. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये, त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं एक सविस्तर निवेदन दिलं. त्यात शिक्षणाबद्दलचा त्यांचा मुद्दा स्पष्ट आहे. कला आणि कायद्याच्या पदव्यांनी समाजाचा फारसा लाभ होणार नाही, खरा उपयोग विज्ञान आणि तंत्रज्ञानातल्या प्रगत शिक्षणाचा आहे आणि तेच नेमकं आपल्या लोकांच्या खिशाबाहेरचं आहे, म्हणून सरकारनं पैसा द्यावा. स्वतः कायद्याचा आणि अर्थशास्त्राचा एवढा मोठा विद्वान असलेला माणूस हे म्हणत होता, हे लक्षात घ्या. पुढे १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आजची भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणजे तीच. तिच्यावर लाखो मुलं शिकली, आमच्यापैकीही काही जण शिकले. पण निवेदनातला 'प्रगत' हा शब्द आपण वाटेत कुठेतरी टाकून आलो.

आता या पट्ट्याकडे बघू. कॉम्प्युटरच्या जागांचा इथे सुकाळ आहे. निगडी, आकुर्डी, पिंपरी, ताथवडे, तळेगाव अशी खासगी कॉलेजांची रांग आहे. एआयसीटीईनं २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांसाठी एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढून टाकली, त्यामुळे कॉम्प्युटर आणि तिच्या एआय, डेटा सायन्स नावाच्या बहिणींच्या तुकड्या आणखी वाढल्या. सरकारी पर्याय म्हणाल तर चाकणच्याही पुढे, आंबेगाव तालुक्यात अवसरीला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि पुण्यात सीओईपी. बाकी सगळं खासगी. जागा वाढल्या म्हणून त्या वेगानं शिकवणारे तयार होत नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिमसारखा विषय नुकतीच एम.ई. झालेल्या, तासावर पैसे घेणाऱ्या शिक्षकाच्या गळ्यात पडतो आणि तो बिचारा आदल्या रात्री स्लाइड वाचून येतो. दोष त्याचा नाही, पण नुकसान कुणाचं होतं ते पाहिलं पाहिजे. ज्याच्या घरी इंजिनिअर भाऊ किंवा काका आहे, तो संध्याकाळी घरी विचारून घेतो. आपल्या मुलाला विचारायला कुणी नसतं.

तिसऱ्या वर्षाचे विषय बघा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या सत्रात डेटाबेस, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, सिस्टिम्स प्रोग्रॅमिंग अँड ऑपरेटिंग सिस्टिम आणि कॉम्प्युटर नेटवर्क्स अँड सिक्युरिटी असे चार वजनदार विषय एकत्र येतात. चौथ्या वर्षाला अल्गोरिदमचं विश्लेषण, मशीन लर्निंग, पुढे हाय परफॉर्मन्स कॉम्प्युटिंग आणि डीप लर्निंग. पहिल्या दोन वर्षांत पाठांतरावर आणि 'टेक्निकल'च्या गाइडवर निभावून जातं. इथे मात्र गणित लागतं, तेही दुसऱ्या वर्षाच्या डिस्क्रीट मॅथ्समधलं. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांची, आणि आपल्यात ती संख्येनं बरीच आहेत, इथे दुहेरी अडचण होते. त्यांचा हात प्रॅक्टिकलला चांगला बसलेला असतो, पण पहिल्या वर्षाचं गणित त्यांनी इतरांसारखं केलेलं नसतं. वर्गातल्या बारावीवाल्या मुलांसमोर 'मला सिद्धता म्हणजे काय ते कळत नाही' असं म्हणायची त्यांना लाज वाटते. मग गप्प बसणं, मग तास बुडवणं, मग बॅकलॉग.

हे विषय आपल्या मुलांच्या बुद्धीबाहेरचे आहेत का? हा प्रश्न आम्ही उगाच विचारत नाही. मुलं स्वतःबद्दल हेच म्हणू लागली आहेत. एका मुलीनं तर सांगितलं की 'कोट्यातून आले म्हणून झेपत नसेल' हे तिला कुणी तोंडावर म्हटलं नाही, पण ते तिला ऐकू येतं. म्हणून इथे जरा थांबून एक धडा उलगडून बघू.

ऑपरेटिंग सिस्टिममध्ये डेडलॉक नावाचा धडा आहे. कॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये त्याच्या चार अटी मांडल्या. परीक्षेत त्या हमखास विचारतात आणि मुलं त्या इंग्रजीत घोकतात. आता चाकणचा तळेगाव चौक डोळ्यांसमोर आणा. पुणे-नाशिक महामार्गाला तिथे तळेगाव-शिक्रापूर रस्ता छेदतो. शिफ्ट सुटायची वेळ आहे आणि चारही बाजूंनी कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि टेम्पो चौकात शिरले आहेत. चौकातल्या एका जागेवर एका वेळी एकच गाडी उभी राहू शकते, ही पहिली अट. प्रत्येक गाडी आपली जागा धरून बसली आहे आणि शिवाय पुढची जागा मागते आहे, ही दुसरी. कुणाचीही गाडी उचलून बाजूला ठेवता येत नाही, ही तिसरी. आणि पहिली गाडी दुसरीमुळे अडली आहे, दुसरी तिसरीमुळे, तिसरी चौथीमुळे, तर चौथी पुन्हा पहिलीमुळे, ही चौथी. चारही अटी एकाच वेळी जुळल्या तरच कायमची कोंडी होते. त्यातली एक मोडली की सुटते. पोलीस येतो आणि एका टेम्पोला शिट्टी मारून मागे घ्यायला लावतो, म्हणजे त्यानं तिसरी अट मोडली. पलीकडे जायला जागा मोकळी असल्याशिवाय चौकात शिरायचंच नाही असा नियम पाळला गेला, तर दुसरी मोडते. कॉम्प्युटरमध्ये गाड्यांच्या जागी चालू प्रोग्रॅम असतात आणि चौकातल्या जागेच्या जागी फाइल, प्रिंटर, मेमरी. बाकी हिशेब तोच.

हे आम्ही चाकणला राहणाऱ्या तिसऱ्या वर्षाच्या एका मुलाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग बँकर्स अल्गोरिदम म्हणजे चौकाच्या आधीच गाड्या मोजून सोडणं का?" अगदी तेच. पुस्तकातली पुढची चार पानं त्यानं स्वतःच ओलांडली होती.

थिअरी ऑफ कॉम्प्युटेशनचंही असंच. भोसरीच्या पॉवर प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही, म्हणजे हात आत सापडत नाही. थांबलेलं, तयार, चालू, बिघाड या त्या यंत्राच्या अवस्था, आणि कोणतं बटण दाबलं की कोणत्या अवस्थेतून कोणत्या अवस्थेत जायचं हे ठरलेलं. हाच फायनाइट ऑटोमॅटन. अशा यंत्राला आपण कोणत्या अवस्थेत आहोत एवढंच ठाऊक असतं, कितीही मोठी संख्या मोजत राहायला त्याच्याकडे स्मृती नसते. म्हणून 'जितके कंस उघडले तितकेच बंद झाले का' हे त्याला तपासता येत नाही आणि तिथून पुढे स्टॅकवालं यंत्र, त्याच्याही पुढे ट्युरिंगचं १९३६ चं यंत्र येतं. वीस वर्षं प्रेसवर उभ्या राहिलेल्या बापाला हा धडा मुलापेक्षा लवकर कळेल, पण त्या दोघांमध्ये इंग्रजी पुस्तकाची भिंत आहे.

भाषेचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट बोलू, कारण नेमका याच पट्ट्यात त्याचा प्रयोग चालू आहे. २०२१ मध्ये एआयसीटीईनं प्रादेशिक भाषांतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिली आणि मराठीतून कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची ६० जागांची तुकडी निगडीच्या पिंपरी चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमध्ये सुरू झाली. आपल्या समाजात त्यावर लगेच दोन तट पडले. एक म्हणतो, चला, आता आमची मुलं मागे राहणार नाहीत. दुसरा म्हणतो, हा डाव आहे, त्यांची मुलं इंग्रजीतून अमेरिकेला जाणार आणि आमची मराठीतून इथेच सडणार. दुसऱ्या तटाचा संशय आम्हाला हास्यास्पद वाटत नाही. सावित्रीमाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो काही हौसेनं नव्हे. ज्ञानाची किल्ली कुणाच्या कंबरेला आहे हे त्यांना माहीत होतं. आणि कॉम्प्युटरमध्ये तर भाषेचे शब्द, चुकीचे संदेश, मॅन्युअल, मुलाखत, सगळं इंग्रजीत.

तरीही आम्हाला वाटतं की दोन्ही तट चुकीच्या जागी भांडत आहेत. समजणं एका भाषेत होतं आणि व्यवहार दुसऱ्या भाषेत होतो, हे दोन्ही खरं आहे. डेडलॉकला 'कुंठितावस्था' म्हणायची काही गरज नाही. डेडलॉकच म्हणा, पण तो चाकणच्या चौकात उभं राहून मराठीत समजून घ्या, मग उत्तर इंग्रजीत लिहा. पदवीवर माध्यम मराठी असावं की इंग्रजी याचा निर्णय ज्याचा त्यानं घ्यावा. आमचा आक्षेप एवढाच की मराठीचा गाजावाजा पहिल्या वर्षाच्या पुस्तकांपासून सुरू झाला, आणि मराठीतल्या समजावणीची खरी गरज तिसऱ्या वर्षाला आहे. तिथे हाताशी चांगलं मराठी साहित्य विरळ आहे.

पैशांची बाजू थोडक्यात सांगतो, कारण कार्यकर्त्यांना ती पाठ आहे. अडीच लाखांच्या आत उत्पन्न असेल तर भारत सरकार शिष्यवृत्ती, वर असेल तर फ्रीशिप, दोन्ही महाडीबीटीवरून. शिष्यवृत्तीचा ६० टक्के केंद्राचा वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तो उशिरा आला की कॉलेजचा क्लार्क मुलाला धरतो, शासनाची परिपत्रकं काहीही म्हणोत. बाहेरगावहून आलेल्या आणि सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या मुलांना स्वाधार योजनेत पिंपरी-चिंचवडमध्ये वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. इथल्याच वस्तीतल्या मुलाला ते मिळत नाहीत, कारण तो स्थानिक. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांत तो कंपायलर कसा लिहिणार, हे कुठल्या योजनेत बसत नाही. आणि बॅकलॉगमुळे वर्ष गेलं की शिष्यवृत्तीचंही गणित बिघडतं. म्हणजे न समजलेला एक विषय शेवटी बापाच्या पगारातून वसूल होतो.

आता सगळ्यात नाजूक मुद्दा. संविधानानं दिलेलं आरक्षण मुलाला प्रवेशाच्या दारातून आत आणतं. कॅम्पस प्लेसमेंटमध्ये ते नसतं, कारण खासगी क्षेत्रात आरक्षण नाही. तिथे दहावी, बारावी, पदवी सगळीकडे ६० टक्के आणि 'नो ॲक्टिव्ह बॅकलॉग' अशा अटी सर्रास असतात. टीओसीचा एक राहिलेला विषय मुलाला मुलाखतीपर्यंत पोहोचूच देत नाही. ही अट वरून जातनिरपेक्ष दिसते. ती कुणाला जास्त कापते, हे निवड झालेल्यांच्या याद्या ठेवणाऱ्या कॉलेजांनी प्रवर्गनिहाय जाहीर करावं. ही मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरण्यासारखी आहे.

आजवर यातून पळवाट होती. सहा महिन्यांचा जावाचा किंवा टेस्टिंगचा क्लास करायचा आणि हिंजवडीत कुठेतरी चिकटायचं. आपल्या कित्येक मुलांनी तसं घर उभं केलं, त्याला आम्ही नावं ठेवत नाही. पण ती वाट अरुंद होते आहे. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं जवळपास दोन टक्के, म्हणजे सुमारे १२ हजार माणसं कमी करण्याचं जाहीर केलं, आणि त्याची धडकी हिंजवडीपासून वाकड-पिंपळे सौदागरच्या हप्त्यावरच्या फ्लॅटपर्यंत भरली. साधा, साच्यातला कोड आता यंत्र लिहून देतं. यंत्रानं लिहिलेला कोड कुठे अडकेल, किती मेमरी खाईल, दहा हजार माणसं एकदम आली तर कोसळेल का, हे सांगणारा माणूस लागतो. आणि ते सांगता येतं ते ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि अल्गोरिदम या तीन विषयांच्या जोरावर. ज्यांना आपली मुलं 'पास झालो की सुटलो' म्हणतात, तेच हे विषय.

शिवाय हा पट्टा फक्त हिंजवडीचा नाही. आकुर्डीत जिथे जुना चेतक बनायचा तिथेच बजाजनं २०२२ मध्ये विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू केला. चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज आहेत, एआरएआयचं चाचणी केंद्र आहे. आजच्या गाडीत ब्रेक, बॅटरी, एअरबॅग प्रत्येकामागे एक छोटा कॉम्प्युटर असतो आणि त्याला ठरलेल्या वेळेत उत्तर द्यावंच लागतं. ब्रेक दाबल्यावर संदेश रांगेत थांबून चालत नाही. तिसऱ्या वर्षाच्या शेड्युलिंगच्या धड्याचा अर्थ हाच. आपल्या आधीच्या पिढीनं या गाड्यांचे नट आवळले. त्यांच्या मुलांनी त्या गाड्यांचं सॉफ्टवेअर लिहावं ही अपेक्षा अवाजवी नाही, फक्त त्याचा रस्ता क्लासच्या जाहिरातीतून जात नाही.

आणखी एक दार आहे, ज्याची माहिती आम्ही भेटलेल्या मुलांपैकी फार थोड्यांना होती. गेट परीक्षा. तिच्या कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात डिस्क्रीट मॅथ्स, अल्गोरिदम, टीओसी, कंपायलर, ओएस, डेटाबेस, नेटवर्क हेच विषय येतात. तिसऱ्या वर्षाला असतानाही ती देता येते. अनुसूचित जातींसाठी पात्रतेची रेषा खुल्या गटाच्या दोन तृतीयांश असते, आयआयटीच्या एम.टेक.ला १५ टक्के जागा राखीव असतात आणि गेटवर प्रवेश घेणाऱ्यांना महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. काही सार्वजनिक कंपन्या गेटच्या गुणांवर भरती करतात आणि तिथे आरक्षण लागू असतं. म्हणजे प्लेसमेंटच्या दारात जे संरक्षण संपतं ते या दारात पुन्हा मिळतं, अट एवढीच की तिसऱ्या वर्षाचे विषय खरोखर आले पाहिजेत. विकत घेतलेल्या फायनल इयर प्रोजेक्टनं हे दार उघडत नाही. हो, प्रोजेक्ट विकत मिळतात, अहवालासकट, आणि आपली मुलंही घेतात. कर्ज काढून घेतात, हे आणखी वाईट.

मग काय करायचं? आमच्याकडे मोठी योजना नाही. विहारं आहेत आणि रविवार आहे. हिंजवडी, तळवडे, खराडीत काम करणारे आपले इंजिनिअर आता कमी नाहीत. ते १४ एप्रिलला वर्गणी देतात, मिरवणुकीत येतात. त्यांच्याकडून वर्गणीऐवजी महिन्यातले दोन रविवार मागून बघा. सगळे विषय घेऊ नका. एका विहारानं एका सत्रात फक्त ऑपरेटिंग सिस्टिम घ्यावी, शेजारच्यानं टीओसी. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या आर्पासी-डुसो दांपत्याचं ऑपरेटिंग सिस्टिमचं पुस्तक इंटरनेटवर मोफत आहे, आयआयटीच्या प्राध्यापकांची एनपीटीईएलवरची व्याख्यानं मोफत आहेत. व्याख्यान एकट्यानं मोबाइलवर बघितलं की दहाव्या मिनिटाला झोप येते. आठ जणांनी भिंतीवर लावून, मध्येच थांबवून, मराठीत भांडत बघितलं की ते डोक्यात उतरतं. कंपनीनं मोडीत काढलेल्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलं तर ओएसची सगळी प्रॅक्टिकल त्यावर होतात. मुलींच्या घरच्यांना वेळेची काळजी असते, म्हणून वेळ सकाळची ठेवावी.

गुणगौरव बंद करा असं आम्ही म्हणत नाही. त्याच मंडपात मागच्या तीन वर्षांत सत्कार झालेल्या मुलांची यादी घेऊन कुणीतरी बसावं आणि प्रत्येकाला फोन करून विचारावं, कितवं वर्ष, किती विषय राहिले, कोणते. ही यादी प्रत्येक वस्तीत वहीच्या एका पानात मावेल.

देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी स्वतःच्या हातांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या दिवशी दरवर्षी तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात आणि आपला सगळा पट्टा लोटतो. येत्या २५ डिसेंबरला तिथे आम्ही एक टेबल टाकणार आहोत. टेबलावर फलक असेल, 'तिसरं वर्ष, कॉम्प्युटर. राहिलेले विषय इथे लिहा.' शेजारी दुसरी वही असेल, शिकवू शकणाऱ्यांसाठी. खुर्च्या लावणाऱ्या त्या मुलानं टेबल सांभाळायचं कबूल केलं आहे. त्याचे दोन्ही पेपर तोवर झालेले असतील.